रिपोर्टमधल्या आकड्यामागची ग्रंथी

जपानमधल्या फुकुओका शहरात हाकारू हाशिमोतो हा तरुण शल्यचिकित्सक चार बायकांच्या गळ्यातून काढलेल्या थायरॉइड ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होता. चौघींनीही चाळिशी ओलांडलेली. गळा सुजलेला, ग्रंथी हाताला टणक लागणारी, म्हणून शस्त्रक्रिया केलेली. काचपट्टीवर थायरॉइडची ओळखीची रचना दिसायला हवी होती. ती जेमतेम शिल्लक होती. तिच्या जागी लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची दाटी झाली होती. एखाद्या नवख्याला ही लसिकाग्रंथीच वाटावी, अशी ती दाटी होती. हाशिमोतोने १९१२ मध्ये एका जर्मन वैद्यकीय नियतकालिकात या चारही ग्रंथींचे बारकाईने वर्णन केले आणि हा आजवर नोंदला न गेलेला, वेगळा आजार आहे, असे मांडले.

तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. पुढे काही काळ तो जर्मनीत शिकला, पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर परतला आणि इगा या आपल्या गावी दवाखाना चालवू लागला. १९३४ मध्ये विषमज्वराने त्याचा मृत्यू झाला. त्याच्या हयातीत त्या निबंधाकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. आज जगभरातल्या कोट्यवधी रुग्णांच्या कागदपत्रांवर त्याचे आडनाव लिहिलेले असते.

महाराष्ट्रात तालुक्याच्या गावीही आता लॅबच्या पाटीवर 'थायरॉइड प्रोफाइल' लिहिलेले दिसते. रक्त द्यायचे, संध्याकाळी रिपोर्ट घ्यायचा, टीएसएचचा आकडा जास्त असेल तर सकाळी उपाशीपोटी एक गोळी सुरू करायची, हे घराघरांत माहीत झाले आहे. ते चांगलेच आहे. पण संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोन्सचा, आकडा फक्त रक्तात किती आहे तेवढेच सांगतो. ज्या ग्रंथीतून ते हार्मोन येते तिच्या ऊतीचे काय झाले आहे, ती सुजली आहे, आकसली आहे, कुजली आहे की नुसतीच स्वस्थ बसली आहे, हे त्यावरून कळत नाही. आणि उपचार बहुतेक वेळा त्यावरच ठरतो.

निरोगी थायरॉइडचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की लहानमोठ्या गोलसर पिशव्या एकमेकींना चिकटून बसलेल्या दिसतात. प्रत्येक पिशवीच्या कडेला पेशींचा एकच थर असतो आणि आत कोलॉइड नावाचा गुलाबी दिसणारा चिकट द्रव. पेशी रक्तातले आयोडीन ओढून घेतात, थायरोग्लोब्युलिन या प्रथिनावर बसवतात आणि तयार माल या कोलॉइडमध्ये साठवून ठेवतात. शरीराला लागेल तसा त्यातला थोडाथोडा भाग पुन्हा पेशीत शिरतो आणि तिथून हार्मोन रक्तात जाते. हा साठा कित्येक आठवडे पुरतो. इतका मोठा साठा पेशींच्या बाहेर करून ठेवणारी दुसरी अंतःस्रावी ग्रंथी शरीरात नाही. त्यामुळे थायरॉइडचे काम बिघडू लागले तरी त्याचा पत्ता लगेच लागत नाही.

हाशिमोतोच्या आजारात या पिशव्यांमधल्या जागेत लिम्फोसाइट जमू लागतात. नुसते जमत नाहीत, तर तिथे ठाण मांडतात, त्यांची गोल केंद्रे तयार होतात आणि त्यांच्यातूनच ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी निपजतात. पिशव्या लहान होत जातात, कोलॉइड आटतो. उरलेल्या काही पेशी फुगून दाणेदार, गुलाबी दिसू लागतात, कारण त्यांच्यात मायटोकॉन्ड्रियांची प्रचंड गर्दी झालेली असते. वर्षे उलटतात तसा जखमेच्या व्रणासारखा तंतुमय भाग वाढतो आणि सुरुवातीला सुजलेली ग्रंथी अखेर लहानशी, कडक होऊन बसते.

या सगळ्या काळात रुग्णाला काय जाणवते? पुष्कळदा काहीच नाही. ग्रंथीचा काही भाग निकामी झाला की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला कामाला लावणारे टीएसएच वाढवते आणि उरलेल्या पेशींना जास्त राबवते. त्यामुळे थायरॉइड हार्मोनचा आकडा नॉर्मल आणि टीएसएच मात्र थोडे चढलेले, अशी अवस्था कित्येक वर्षे टिकू शकते. थकवा, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणे, केस गळणे, मासिक पाळीत जास्त रक्तस्राव ही लक्षणे दिसेपर्यंत पडद्याआड बरेच काही घडून गेलेले असते. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी पटींनी जास्त होतो. बाईचा थकवा 'घरच्या कामाचा' म्हणून सोडून देण्याची आपल्याकडची सवय इथे फार महागात पडते.

शरीर स्वतःच्याच ऊतीवर हल्ला करील, ही कल्पना हाशिमोतोच्या काळात कुणाला पटली नसती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॉल एर्लिक यांच्यासारख्या दिग्गजाने शरीर असे करणार नाही, असे मत मांडले होते आणि ते अनेक दशके टिकले. १९५६ मध्ये ते ढासळले. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये डेबोरा डोनिआक, आयव्हन रॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हाशिमोतोच्या रुग्णांच्या रक्तात थायरोग्लोब्युलिनविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. त्याच वर्षी अमेरिकेत बफलो इथे नोएल रोझ आणि अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशांना थायरॉइडचाच अर्क टोचून त्यांच्या ग्रंथीत तशीच सूज निर्माण करून दाखवली. काचपट्टीवर चव्वेचाळीस वर्षांपूर्वी दिसलेल्या त्या पांढऱ्या पेशी तिथे कशासाठी जमल्या होत्या, हे तेव्हा उलगडले. आज आपण स्वयंप्रतिकार आजार म्हणतो त्या मोठ्या कुळाची ओळख अशी एका ग्रंथीच्या ऊतीतून झाली.

त्याच प्रतिकारशक्तीची चूक थोड्या वेगळ्या तऱ्हेने झाली की चित्र नेमके उलटे होते. डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये वर्णन केलेल्या आजारात प्रतिपिंडे थायरॉइडच्या पेशींना मारत नाहीत. टीएसएच जिथे चिकटते त्याच जागी ती चिकटतात आणि पेशींना सतत कामाला लावतात. पिट्युटरीने टीएसएच बंद केले तरी हे थांबत नाही. एरवी ठेंगण्या असलेल्या पेशी उंच, खांबासारख्या होतात, त्यांची संख्या वाढते, पिशवीत जागा न पुरल्याने त्यांच्या घड्या आत शिरतात. कोलॉइड तर इतक्या वेगाने उपसला जातो की त्याच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. बाहेर माणूस वाळत जातो, छातीत धडधड होते, हात थरथरतात, घाम येतो, डोळे पुढे येतात.

रिपोर्टवर विसंबून राहण्यातला धोका इथे लख्ख दिसतो. धडधड, घाम, वजन घटलेले, थायरॉइड हार्मोन वाढलेले, टीएसएच जवळपास शून्य, असा रुग्ण ग्रेव्हजचा असेलच असे नाही. विषाणूच्या संसर्गानंतर कधी कधी थायरॉइडला दुखरी सूज येते. त्यात कोलॉइडच्या पिशव्या फुटतात आणि साठवलेला माल एकदम रक्तात सांडतो. सांडलेल्या कोलॉइडभोवती अनेक केंद्रकांच्या महाकाय पेशी गोळा होतात. बाळंतपणानंतर काही महिन्यांत येणाऱ्या सुजेतही गळती अशीच होते, फक्त तिथे गळा दुखत नाही. दोन्ही आकडे ग्रेव्हजसारखेच, पण ग्रंथी मुळीच जास्त काम करत नसते. हार्मोन बनणे थांबवणारी औषधे इथे निरुपयोगी ठरतात, कारण नवे हार्मोन बनतच नसते. साठा संपला की काही आठवड्यांत पारा उलट दिशेने उतरतो आणि बहुतेकांची ग्रंथी पुढे पूर्ववत होते. म्हणून शंका आली की डॉक्टर किरणोत्सारी आयोडीन किंवा टेक्नेशियम देऊन स्कॅन काढायला सांगतात. ग्रेव्हजची ग्रंथी ते अधाशासारखे ओढून घेते, सुजून फुटलेली ग्रंथी घेत नाही. ग्रेव्हजच्या या अधाशीपणाचा वापर उपचारातही होतो. किरणोत्सारी आयोडीनचा मोठा डोस तोंडावाटे दिला की तो थेट त्या राबत्या पेशींत जाऊन त्यांना आतून नष्ट करतो. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून थायरॉइडच्या रुग्णांवर हे काम करत आले आहे.

आयोडीनच मिळाले नाही तर ग्रंथी काय करते, याचा मोठा धडा हिमालयाच्या पायथ्याशी मिळाला. पावसाने आणि पुरांनी तिथल्या मातीतले आयोडीन धुऊन नेलेले. पिट्युटरी टीएसएच वाढवत राहते, थायरॉइडच्या पेशी वाढत राहतात, कच्चा माल मात्र येत नाही. वाढ आणि ओसरणे असे चक्र वर्षानुवर्षे चालले की काही पिशव्या प्रचंड फुगतात, काही चिरडल्या जातात, मध्येच रक्तस्राव होतो, व्रण पडतात, कॅल्शियम साचते आणि गळ्याला गाठीगाठींचा गलगंड लोंबू लागतो. नवी दिल्लीच्या एम्समधले विकृतिशास्त्रज्ञ व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात वस्त्यांचे भाग पाडले, काही भागांना आयोडीनयुक्त मीठ दिले, काहींना साधे, आणि गळे तपासत राहिले. आयोडीनचे मीठ खाणाऱ्यांत गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रमाला या कामाचा मोठा आधार होता. प्रौढ माणसाला दिवसाला फक्त १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, पण ते पुरेसे न मिळाल्यास गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाचा मेंदूही अपुरा वाढतो. सूक्ष्मदर्शक घेऊन बसणाऱ्या माणसाने देशाच्या मिठाच्या डब्यापर्यंत काम पोचवावे, अशी उदाहरणे फार नाहीत.

थायरॉइड निदान गळ्यात आहे. हाताला लागते, डोळ्यांना दिसते. अ‍ॅड्रिनल ग्रंथी पोटाच्या मागच्या बाजूला, मूत्रपिंडांच्या वर असतात, प्रत्येकीचे वजन चार-पाच ग्रॅम. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या कशासाठी आहेत हेच कुणाला माहीत नव्हते. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये अकरा रुग्णांची हकिगत छापली. हे लोक दिवसेंदिवस अशक्त होत गेले होते, भूक मेली होती, उलट्या व्हायच्या, नाडी क्षीण, आणि त्वचा मात्र काळवंडत चाललेली. शवविच्छेदनात सगळ्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी रोगग्रस्त निघाल्या. त्यांतल्या अनेकांना ग्रंथींचा क्षयरोग होता. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांच्या या ग्रंथी काढून पाहिल्या. प्राणी जगले नाहीत.

अ‍ॅड्रिनलचा काप पाहिला तर बाहेरचा पिवळसर भाग आणि आतला गडद गाभा असे दोन वेगळे अवयवच एका आवरणात दिसतात. बाहेरच्या भागाचे पुन्हा तीन थर असतात. सर्वांत बाहेरचा शरीरातले मीठ-पाणी सांभाळणारे अल्डोस्टेरॉन बनवतो, मधला जाड थर कॉर्टिसोल, आणि आतला लैंगिक हार्मोनशी संबंधित द्रव्ये. गाभ्यात अ‍ॅड्रिनलिन तयार होते. क्षयाचे जंतू फुप्फुसातून रक्तावाटे इथे येतात तेव्हा ते बाहेरचा भाग आणि गाभा असा भेद करत नाहीत. ऊती मरून पनीरासारखी भुसभुशीत होते. सुरुवातीला ग्रंथी सुजून मोठ्या होतात, पुढे आकसतात आणि त्यांत कॅल्शियम साचते. सीटी स्कॅनवर त्या जागी पांढरे ठिपके दिसतात. स्वयंप्रतिकार आजारात मात्र लिम्फोसाइट फक्त बाहेरच्या भागाला लक्ष्य करतात. ग्रंथी चिमुकली होते, पण गाभा शाबूत राहतो.

साधारण ९० टक्के ऊती नष्ट होईपर्यंत रोजचे जगणे निभावते. कसोटी येते ती ताप, जुलाब, अपघात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी. निरोगी माणसाच्या अ‍ॅड्रिनल अशा प्रसंगी कॉर्टिसोल कित्येक पट वाढवतात. इथे वाढवायला काही उरलेलेच नसते. रक्तदाब कोसळतो, साखर उतरते आणि वेळेत हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन व सलाइन मिळाले नाही तर माणूस दगावतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांना अ‍ॅडिसनचा हा आजार होता. १९४७ मध्ये लंडनमध्ये त्याचे निदान झाले होते आणि ते आयुष्यभर हार्मोनच्या औषधांवर जगले. त्यांच्या शवविच्छेदनाच्या वेळी हजर असलेल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये उघड केले की, त्या जागी नुसत्या डोळ्यांना ग्रंथी अशी दिसलीच नव्हती.

त्वचा का काळवंडते, हेही समजून घेण्यासारखे आहे. कॉर्टिसोल कमी पडले की पिट्युटरी अ‍ॅड्रिनलला चालना देणारे एसीटीएच हे हार्मोन भराभर सोडते. ज्या मोठ्या रेणूतून एसीटीएच तुटून निघते, त्याच रेणूतून त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना चाळवणारे द्रव्यही निघते आणि एसीटीएच स्वतःही तेच काम करते. सावळ्या माणसाच्या चेहऱ्याचा रंग गडद झाला तर 'उन्हाने झाले' म्हणून सहज सोडून दिले जाते. म्हणून जाणता डॉक्टर हिरड्या पाहतो, तळहातावरच्या रेषा पाहतो, बोटांचे पेर पाहतो. उन्हाने हिरड्या काळ्या होत नाहीत.

युरोप-अमेरिकेत आज अ‍ॅडिसनच्या आजारामागे बहुतेक वेळा स्वयंप्रतिकार असतो. भारतात क्षय अजूनही मोठे कारण आहे. शिवाय हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशीही अ‍ॅड्रिनलमध्ये घर करते आणि दोन्ही बाजूंच्या ग्रंथी चांगल्याच मोठ्या करते. सीटी स्कॅनवर ती क्षयासारखी किंवा कर्करोगासारखीही दिसू शकते. अशा वेळी सोनोग्राफी किंवा सीटीच्या मदतीने सुई घालून ग्रंथीचा नमुना घेतला जातो आणि काचपट्टीवर पेशींच्या आत बसलेले बुरशीचे बारीक गोल सापडले तर उपचाराची दिशाच पालटते. क्षयाच्या गोळ्यांनी बुरशी मरत नाही आणि बुरशीच्या औषधाने क्षय जात नाही. कर्करोग असेल तर मार्ग तिसराच. रक्तातले कॉर्टिसोल तिन्ही वेळा सारखेच कमी असू शकते.

आपल्याकडे अ‍ॅड्रिनल ग्रंथी निकामी होण्याचे आणखी एक कारण आहे आणि त्यात कुठलाच जंतू नसतो. सांधेदुखी, दमा, त्वचेची खाज यांवर महिनोन्‌महिने घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या हे ते कारण. कधी डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिलेली गोळी रुग्ण जुनी चिठ्ठी दाखवून परस्पर आणत राहतो. कधी 'सगळ्या दुखण्यावर गुणकारी' म्हणून विकलेल्या बिनलेबलच्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असते. अशी पुडी घेतली की गुडघे दोन दिवसांत मोकळे होतात, भूक लागते, अंगात तरतरी येते. रक्तात बाहेरचे स्टेरॉइड भरपूर असल्यामुळे पिट्युटरी एसीटीएच थांबवते. एसीटीएचवर जगणारा मधला थर काम नसल्यामुळे पातळ होत जातो. सर्वांत बाहेरचा थर मात्र टिकतो, कारण त्याला आदेश मुख्यतः मूत्रपिंडाकडून सुरू होणाऱ्या वेगळ्या साखळीतून मिळतात. इथे कुणी ऊती मारलेली नसते, ती वापरात नसल्याने झिजलेली असते. चेहरा गोल होतो, पोट सुटते, कातडी पातळ होऊन निळसर डाग पडतात. मग कुणीतरी सांगते, 'हे औषध वाईट आहे, आजपासून बंद कर.' आणि खरा धोका त्या दिवशी सुरू होतो. झिजलेली ग्रंथी एका दिवसात उभी राहत नाही. तिला पूर्ववत व्हायला महिने, कधी वर्षाहूनही जास्त काळ लागतो. त्यामुळे तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ घेतलेले स्टेरॉइड डॉक्टरांच्या सल्ल्याने, पायरीपायरीने कमी करावे लागते. अशा पुड्या विकणाऱ्यांवर कडक कारवाई व्हायला हवी, यात दुमत असू नये. पण ती घेणाऱ्याला दरडावून एका दिवसात सोडायला लावणे हे त्याच्या जिवावर बेतू शकते.

आकडा एक आणि ऊती वेगवेगळी, हे स्वादुपिंडातही दिसते. त्यात इन्सुलिन बनवणारी पेशींची बेटे १८६९ मध्ये बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला दिसली. त्यांचे काम काय, हे त्याला ठाऊक नव्हते. स्वादुपिंडाच्या वजनात या सुमारे दहा लाख बेटांचा वाटा जेमतेम एक-दोन टक्के. लहान वयात अचानक होणाऱ्या मधुमेहात लिम्फोसाइट या बेटांत शिरतात आणि फक्त इन्सुलिनच्या पेशी वेचून मारतात. बेल्जियमचे विली गेप्ट्स यांनी १९६५ मध्ये निदानानंतर थोड्याच काळात दगावलेल्या रुग्णांच्या स्वादुपिंडांत ही सूज दाखवून दिली. मोठ्या वयात होणाऱ्या मधुमेहात बेटे उरतात, पण त्यांत अमिलॉइड हा चिवट प्रथिनांचा थर साचतो आणि पेशी हळूहळू कमी होतात. दोघांच्या रिपोर्टवर साखरेचा आकडा एकच असू शकतो. पहिल्याला इन्सुलिन थांबवून चालत नाही, दुसऱ्याला अनेकदा गोळ्या पुरतात.

थायरॉइडच्या मागे असणाऱ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी माणसात १८८० मध्ये स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉम या विद्यार्थ्याने शोधल्या. त्याआधी त्या दिसल्या होत्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय एकशिंगी गेंड्यात. मूत्रपिंड निकामी झालेल्या, डायलिसिसवरच्या रुग्णांत रक्तातले कॅल्शियम टिकवण्याच्या धडपडीत या चारही ग्रंथी वाढतात आणि ते कॅल्शियम हाडांतून काढत राहतात. हाडे ठिसूळ होतात. वाढ फार काळ चालली तर पेशींचे काही पुंजके कुणाचेच न ऐकता स्वतंत्रपणे वाढू लागतात आणि मग औषधांनी ती आटोक्यात येत नाही.

राहिली पिट्युटरी. वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, कवटीच्या तळाशी हाडाच्या एका खोबणीत बसलेली आणि थायरॉइड, अ‍ॅड्रिनल, अंडाशय, स्तन, वाढ या सगळ्यांना आदेश देणारी. गरोदरपणात दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिनच्या पेशी वाढल्यामुळे ती बरीच मोठी होते. तिच्या पुढच्या भागाला रक्त मिळते ते मुख्यतः कमी दाबाच्या शिरांमधून. ग्रंथी वाढलेली, रक्ताची गरज वाढलेली आणि पुरवठा असा नाजूक. अशा वेळी बाळंतपणात प्रचंड रक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला तर पुढच्या भागाची ऊती रक्ताविना मरते. ग्लासगोच्या प्रसूती रुग्णालयात हॅरोल्ड शीहान या विकृतिशास्त्रज्ञाने बाळंतपणात दगावलेल्या स्त्रियांच्या शवविच्छेदनांतून हे १९३७ मध्ये मांडले.

जी बाई वाचते तिच्यात मेलेल्या ऊतीचा पुढे व्रण होतो आणि काही वर्षांनी एमआरआयवर ती हाडाची खोबण जवळपास रिकामी दिसते. तिला बाळंतपणानंतर दूध येत नाही. पाळी परत येत नाही. काखेतले केस गळतात. ती सतत दमलेली, गारठलेली असते. अ‍ॅडिसनच्या रुग्णासारखेच तिचेही कॉर्टिसोल कमी असते, पण तिची त्वचा काळवंडत नाही, उलट फिकट पडते, कारण इथे एसीटीएच बनवणारी ऊतीच गेलेली असते. श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत काश्मीर खोऱ्यातल्या वीस वर्षांवरच्या बाळंतीण झालेल्या स्त्रियांत या आजाराचे प्रमाण सुमारे तीन टक्के आढळले. त्यांतल्या बहुसंख्य जणींचे बाळंतपण घरीच झाले होते. रुग्णालयातले सुरक्षित बाळंतपण आणि वेळेवर मिळालेले रक्त यांनी हा आजार टळतो. म्हणूनच तो जिथे दिसतो तिथे मन विषण्ण होते.

शेतात राबणाऱ्यांना याच ग्रंथीचा आणखी एक धोका आहे. महाराष्ट्रात शेतांतून, बांधांवरून सर्रास आढळणारी घोणस चावली की तिच्या विषाने रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडते. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, दुसरीकडे रक्त थांबत नाही, मूत्रपिंडे निकामी होतात. काही जणांत पिट्युटरीतही रक्तस्राव होतो किंवा तिचा रक्तपुरवठा तुटतो. ब्रह्मदेशातल्या अशा रुग्णांचे सविस्तर वर्णन १९८७ मध्ये तिथल्या आणि ब्रिटिश डॉक्टरांनी केले आणि शीहानच्या वर्णनाशी त्याचे विलक्षण साम्य होते. भारतातही, विशेषतः दक्षिणेकडून, असे रुग्ण नोंदले गेले आहेत. माणूस दंशातून वाचतो, घरी जातो आणि महिन्यांनी-वर्षांनी दाढी विरळ झाली, ताकद गेली, काम होईना, अशी तक्रार घेऊन येतो. तोपर्यंत सापाची गोष्ट सांगायचीही त्याला आठवण राहत नाही. ती विचारावी लागते. तसेच बाईला 'बाळंतपणात रक्त फार गेले होते का, बाळाला अंगावरचे दूध मिळाले का' हे विचारावे लागते. हे दोन प्रश्न विचारायला एक मिनिटही लागत नाही आणि कुठल्याही महागड्या तपासणीआधी ते निदानाच्या जवळ नेतात.

अशा रुग्णाचे नुसते टीएसएच तपासले तर बहुधा रिपोर्ट 'नॉर्मल' येतो, कारण टीएसएच वाढवणारी पिट्युटरीच मेलेली असते. थायरॉइड हार्मोन स्वतंत्रपणे मोजले तरच ते कमी असल्याचे कळते. तेही कळल्यावर लगेच थायरॉइडची गोळी देऊन चालत नाही. थायरॉक्सिनमुळे शरीर कॉर्टिसोल आणखी झपाट्याने वापरू लागते आणि अ‍ॅड्रिनलला आदेश देणारी पेशीच नसल्याने ते भरून निघत नाही. सुधारणा होण्याऐवजी रुग्ण गंभीर होऊन अतिदक्षता विभागात जाऊ शकतो. म्हणून आधी सकाळचे कॉर्टिसोल तपासतात, ते कमी असेल तर हायड्रोकॉर्टिसोन सुरू करतात आणि त्यानंतरच थायरॉइडची गोळी, तीही बहुधा छोट्या डोसपासून.